हवेला वाट

४ नोव्हेंबर, सोमवार

कार्डाने आज पुन्हा मान टाकली. दुपारपर्यंत हॉटेलच्या स्वागतकक्षाची तीन चित्रंही पुरी झाली नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघितला तर ब्याण्णव अंश. इतकं तापलं की हे ग्राफिक्स कार्ड जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतं. त्याच्या दृष्टीने शहाणपणाचं आहे, पण माझा खोळंबा होतो त्याचं काय?

आणि आवाज! त्याच्यावर दोन पंखे आहेत, त्यातला एक खिळखिळा. आईने त्याचं नाव गिरणी ठेवलंय. "गिरणी बंद कर गं जरा, बातम्या ऐकू येत नाहीत," असं भिंतीपलीकडून ओरडते. मग उठते आणि सगळ्या खिडक्या सताड उघडते, कारण माझ्या खोलीतली धग तिच्यापर्यंत पोचते. बाहेर बोचरी थंडी आणि आम्ही मायलेकी शाली पांघरून उघड्या खिडक्यांत बसलेल्या. कोणी पाहिलं तर वेड्यात काढेल.

वही नवी आहे म्हणून एकदा लिहून ठेवते. नोकरी मी आईसाठी सोडली. दादा म्हणत होता, दिवसभर एकटी असते, पडली-बिडली तर? मी तिला माझ्याकडे नेतो. मी म्हटलं, मी घरूनच काम करते, ती इथेच राहील. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवायच्या हा माझा धंदा, त्याला ऑफिस कशाला लागतं? दादाने भुवया उडवल्या. "बघू. हे हॉटेलचं काम वेळेत दे, मग मानलं." म्हणजे काम फसलं की आई त्याच्याकडे. असं कोणी तोंडाने बोललं नाही, पण तसंच आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार काहीही विचारलं तरी हवेवर येतो. हवा इकडून घ्या, तिकडून सोडा, मध्ये कोंडू देऊ नका. मी मनातल्या मनात त्याला हवामान खातं म्हणते.

त्याचं म्हणणं, कार्ड ठणठणीत आहे, त्याच्यावरचा कूलरच भिकार आहे. तो काढून दुसरा बसवायचा. तीन प्रकार दाखवले. एकात पाणी खेळवून कार्ड थंड करतात. पाणी आणि वीज शेजारी शेजारी, ही कल्पनाच मला सोसेना. दुसऱ्याला एकच पंखा, तो गरम हवा कॅबिनेटच्या मागून थेट बाहेर फेकतो, पण आवाज असा की आमची गिरणी बरी. तिसरा म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा विटेएवढा ठोकळा आणि वर तीन मोठे पंखे. मोठे असल्यामुळे हळू फिरतात, म्हणून आवाज नाही.

"मग हाच द्या की."

"देतो, पण हा उष्णता बाहेर नाही टाकत, मॅडम. कार्डावरची काढतो आणि खोलीत सोडतो. ती कुठे न्यायची ते तुम्ही बघायचं."

विचार करून सांगते म्हणाले. घरी येऊन कार्डावरच्या चार स्क्रूंमधलं अंतर आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं. आई म्हणाली, "कोणाला झबलं शिवतेस?"

९ नोव्हेंबर, शनिवार

ठोकळाच घ्यायचं ठरलं. खरं तर आईमुळे ठरलं. संध्याकाळी पत्ते खेळताना तिला माझ्या खोलीतली घरघर सहन होईना. पत्ते हा आमचा रोजचा कार्यक्रम. आई उघडउघड लबाडी करते, एखादं पान मांडीखाली सरकवते, आणि पकडलं की "वय झालं गं, पडलं असेल" म्हणते. तेव्हा मात्र तिचं वय होतं! आज तीन डाव हरले. तिसऱ्या डावात राजा कुठून आला ते तिलाच ठाऊक.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बसवला! सकाळपासून जमिनीवर बसून होते. जुना कूलर काढला, चिप आणि कूलरमधली वाळलेली पेस्ट पुसली, नवी लावली, छोट्या चिपांवर रबरी पट्ट्या चिकटवल्या. एकेक स्क्रू जपून फिरवत होते, कारण कार्ड मेलं तर हॉटेल मेलं. आई टॉर्च धरून उभी होती आणि टॉर्च सोडून सगळीकडे बघत होती.

सगळं नीट बसलं, फक्त एक घोळ झाला. लांबी मोजली, रुंदी मोजली, जाडी मोजायची राहिली. कॅबिनेटची बाजूची झडप लागतच नाही. राहू दे उघडी. चालू केलं, पूर्ण ताण दिला, आणि आकडा सदुसष्टच्या वर जाईना. आवाज नाहीच. आईने येऊन विचारलं, "बंद पडलं का?" मी तिला मिठी मारली.

१७ नोव्हेंबर, रविवार

हवामान खात्याचं खरं झालं. कार्ड थंड आणि मी उकडतेय. झडप उघडी असल्यामुळे सगळी धग खोलीत येते. खोली तापली की कार्डही हळूहळू वर सरकतं. खिडकी उघडली तर समोरच्या रस्त्यावर खणलेल्या कामाची धूळ आत येते आणि पात्यांत जाऊन बसते. चार दिवसांत ठोकळ्यावर राखाडी साय जमली.

मग डोकं चालवलं. हार्डवेअरच्या दुकानातून उपाहारगृहात धूर ओढायला लावतात तसला दणकट पंखा आणि चंदेरी लवचिक पाइप आणला. खिडकीची काच उतरवून तिथे प्लायवुड बसवलं, त्याला गोल भोक पाडलं. पाइपचं एक तोंड कॅबिनेटच्या उघड्या बाजूला, दुसरं बाहेर. हवामान खात्याला फोन करून फुशारकी मारली. तो खूश झाला.

"एक लक्षात ठेवा, मॅडम. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत येणारच. कुठूनही येईल, ज्या फटीतून वाट मिळेल तिथून. आणि फटीतून आली की धूळ घेऊन येते. म्हणून फटी बुजवा आणि यायला एकच वाट ठेवा."

"घरालाच कॅबिनेट समजायचं तर."

"हा हा, मग काय! सगळं सारखंच."

२० नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस फटी बुजवण्यात गेले. सगळ्या खिडक्यांच्या कडांना फोमची पट्टी, वरून टेप. बाहेरच्या दाराखाली ब्रश. पंखा असा ओढतो की दार उघडायला जोर लावावा लागतो. दूधवाल्याला वाटलं मी आतून कडी धरून उभी आहे.

स्वयंपाकघरात बॉयलरच्या वर भिंतीत एक जाळी आहे, तिथून गारठा आणि धूळ दोन्ही आत येत होती. ती पुठ्ठा लावून बंद केली. आई म्हणाली, "अगं, ती जाळी त्या बॉयलरवाल्यानेच पाडून घेतली होती ना?"

"घेतली असेल. तेव्हा तू फोडण्या करायचीस, ठसका लागायचा."

घर आता छान उबदार झालंय. आमचा बॉयलर गॅसचा, आंघोळीचं पाणी आणि खोल्यांतले गरम पाण्याचे पाइप दोन्ही त्याच्यावर. थंडी वाढली तसा तो दिवसभर चालू असतो. आणि विशेष म्हणजे आईला आता खिडक्या उघडाव्याशा वाटत नाहीत. धग नाही, आवाज नाही, ती कशाला उठेल?

कार्ड: एकसष्ट. माझा विश्वास बसत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

हॉटेलचा तळमजला संपला. मालकाचा मेल आला, 'उत्कृष्ट'. दादाला पाठवून दिला, काही न लिहिता.

डोकं मात्र ठणकतंय. सकाळी उठतानाच ठणकत होतं. पडद्याकडे बघून बघून दुसरं काय होणार? नवा चष्मा करायला हवा. आईचंही डोकं दुखतं. ती म्हणते घराला बंद डब्यासारखा वास येतो. मला तर कसलाच वास येत नाही. खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी साचून ओघळतं, ते पुसायला एक फडकं ठेवलंय.

संध्याकाळी पत्ते खेळलो. मी सलग जिंकले. शेवटी मीच तिच्या मांडीखाली बघितलं, काही नव्हतं. आईने आज एकदाही लबाडी केली नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आई सकाळी न्हाणीघरातून आली आणि दारातच बसली. चक्कर. उलटीही झाली. डॉक्टरांना घरी बोलावलं. दार उघडताच त्यांच्यामागून गार वाऱ्याचा लोट आत आला. रक्तदाब बघितला, ठीक आहे म्हणाले. आईला वार विचारला, तिने चुकीचा सांगितला. देशाचा कारभार सध्या कोण बघतं विचारलं, तर "बघतंय कोण?" म्हणाली. डॉक्टर हसले, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, या वयात विसरायला होतं, स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या.

अडीच आठवड्यांपूर्वी ही बाई माझ्या डोळ्यांदेखत राजा चोरत होती.

दादाला सांगावंच लागलं. उद्या न्यायला येतोय. "आठवडाभर फक्त," म्हणाला. त्याचा आठवडा मला माहीत आहे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

गेली. जाताना स्वयंपाकघरात उभी राहून बॉयलरच्या काचेतून आत बघत होती. "याची ज्योत पिवळी झालीय बघ. निळी असायची." बॉयलरवाल्याला फोन केला. येतो म्हणाला, परवा. परवा मला छताच्या झुंबरांचं काम आहे, आणि तो आला की सगळं उघडून, काजळी सांडून, धूळ करून ठेवतो. काम दिल्यावर या म्हटलं. घाई नाही.

दादा पायऱ्यांवर म्हणाला, "चिमे, तूही फिकी दिसतेस. चल चार दिवस." मी म्हटलं कार्ड कोण बघेल? त्याने आईला धरून खाली नेलं.

१ डिसेंबर, रविवार

दादाकडे जाऊन आले. लिहायला हात होत नाही, इतका राग आहे, आणि कोणावर ते कळत नाही.

आई तिथे टवटवीत बसली होती. वहिनीशी पत्ते खेळत होती. वहिनी तक्रार करत होती, "सासूबाई पानं लपवतात हो." वार विचारला तर वार सांगितला, वर तारीख सांगितली, वर म्हणाली तुझ्या कामाला आठच दिवस उरले. दादा माझ्याकडे बघत होता. ते बघणं तोंडात मारल्यासारखं लागलं. माझ्याकडे ती वार विसरते, त्याच्याकडे तारखा सांगते. मी तिच्यासाठी नोकरी सोडली!

माझंही डोकं तिथे गेल्यावर उतरलं. अर्थात, दिवसभर काम नव्हतं, वहिनीने आयतं वाढलं, उतरणारच. घरी परत आले आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा ठणका सुरू. काम समोर दिसलं की सुरू होतं.

निघताना आईला म्हटलं, "कधी येतेस?" ती म्हणाली, "मला तुझ्याकडे बरं वाटत नाही गं." अगदी साधेपणाने म्हणाली, जेवणात मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी हसले. रिक्षात रडले.

३ डिसेंबर, मंगळवार

काम संथ चाललंय. कार्ड नाही, मी. काल एका जिन्याला रेलिंग लावायचं विसरले आणि आज तेच पुन्हा विसरले. पायऱ्या चढावं तशी धाप खुर्चीतून उठताना लागते. एवढी मी एकटेपणाला घाबरते हे माहीत नव्हतं.

घरात कुठून तरी अजून हवा येतेय ही शंका होती. एवढा पंखा ओढतो आणि सगळं बुजवलेलं, मग तो ओढतो काय? टिश्यू पेपरची पातळ पट्टी घेऊन घरभर फिरले. खिडक्यांपाशी पट्टी हलेना. दाराशी किंचित हलली. सापडलं शेवटी बॉयलरपाशी. त्याच्यातून धुराचा जो जाड पाइप वर जाऊन भिंतीत शिरतो, त्याच्या गळ्याशी एक फट आहे. तिथे पट्टी धरली तर ती चक्क खोलीच्या दिशेने फडफडली. वरून हवा आत येतेय! आणि गार नाही, चांगली कोमट, दमट.

तीही बुजवणार होते, टेप हातात होता. मग हवामान खातं आठवलं. यायला एक वाट हवीच. ती असावी तर अशीच, धूळ नाही, गारठा नाही. राहू दिली. घराला श्वास घ्यायला तेवढी एक जागा.

कार्ड: एकोणसाठ. पहिल्यांदाच साठच्या खाली.

५ डिसेंबर, गुरुवार

आईचा फोन आला. "येते मी." मी विचारलं का, तिथे बरं वाटतं ना? म्हणाली, "बरं वाटतं. पण तू एकटी पडतेस. तुझा आवाज कसा तरीच येतो."

दादा मध्ये बोलला, तपासणी होईपर्यंत इथेच राहू दे. मागून आईचा आवाज, "मी काय सामान आहे का रे?" मला इतकं बरं वाटलं की डोकंही विसरले.

७ डिसेंबर, शनिवार

आली. दादा दारापर्यंत सोडून गेला, आत आला नाही, गाडी आडवी लावली होती. दार ओढून उघडताना म्हणाला, "हे दार असं का झालंय?" मी म्हटलं, पंख्यामुळे. त्याला पंखा दाखवायचा होता, पण खालून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

पत्त्यांचे दोन डाव झाले. पहिल्यात आईने राणी लपवली आणि मी बघूनही बघितलं नाही. दुसऱ्यात तिने पानं खाली ठेवली आणि डोकं दाबून धरलं. "आल्या आल्या सुरू झालं बघ. तुझ्या घराला माझी दृष्ट लागते." दोघी हसलो. लवकर झोपवलं तिला.

तिने झोपण्याआधी खिडकीचा टेप काढायला घेतला होता. एका कोपऱ्यातून सोलला होता. मी पुन्हा दाबून बसवला. उद्या शेवटचा दिवस, उद्या धूळ नको.

८ डिसेंबर, रविवार

आज सगळं एकदम जमून आलंय. वर्षातली सगळ्यात कडाक्याची थंडी, आणि कार्डाला थंडी आवडते. सकाळीच पूर्ण हॉटेलची चित्रं एका दमात काढायला लावली, दारापासून गच्चीपर्यंत. संध्याकाळपर्यंत चालेल. पंखा पूर्ण वेगावर ठेवलाय. आकडा सत्तावन्न. सत्तावन्न! हवामान खात्याला फोटो पाठवला.

बॉयलरही सकाळपासून एकसारखा चालू आहे, पिवळा पिवळा. आईला भरपूर गरम पाण्याने आंघोळ घातली, म्हटलं अंग मोकळं होईल. न्हाणीघरातून तिला जवळजवळ उचलूनच आणलं. आता गादीवर आहे. उठवलं तर "हो हो" म्हणते आणि पुन्हा झोपते. पण चेहरा किती छान दिसतोय! कालपर्यंतचा फिकेपणा गेला, गाल गुलाबी झालेत, लहान मुलीसारखे. माझं घर तिला मानवत नाही म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं. मघाशी एक डाव मांडला होता, तिच्या हातात पत्ते तसेच आहेत. काढायला गेले तर मांडीखालून एक्का निघाला. मी पुन्हा तिथेच ठेवला.

माझेही पाय कापसाचे झालेत. एवढ्या आठवड्यांचा शीण आज उतरतोय. तिच्या शेजारी जरा आडवी होते. पडदा इथून दिसतो, सत्तावन्नच आहे. कसलाच आवाज नाही.

आत्ता दादाचा फोन येऊन गेला. रात्रभर त्याच्या डोक्यात ते दार होतं म्हणे. ते असं का ओढलं जातं, खिडक्या उघडतेस ना, बॉयलरचं कोणी बघितलं का, त्याचा धूर बाहेर जातो ना, काय काय विचारत होता. मला नीट कळेना, त्याचा आवाज लांबून येत होता. शेवटी म्हणाला, मी निघतो, आत्ताच येतो. मी म्हटलं, अरे आई छान झोपलीय, उगाच उठवशील. जेवून ये, सावकाश ये. काही घाई नाही.